पाण्याखालच्या गावाचा पाटील

उंबरणे नावाचं गाव आता जमिनीवर नाही. कोयनेचं धरण भरायला लागलं तेव्हा ते पाण्याखाली गेलं, देवळासकट, आंब्यांसकट, डोंगरउतारावरच्या नाचणीच्या वावरांसकट. मागं उरला गावाचा पाटील. त्याचं नाव नाथाजी. गाव बुडालं म्हणजे पाटीलकीही बुडाली, असं त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही कुणाला विचारायची घाई केली नाही.

सरकारनं उंबरण्याची माणसं तीन ठिकाणी वाटली. काही घरं लोणंदच्या बाजूला गेली, काही सोलापूरकडं, आणि तिसरा वाटा सांगली जिल्ह्यात, येरळेच्या काठच्या हिंगणवाडीच्या माळावर आला. नाथाजी या तिसऱ्या वाट्याबरोबर आला. सालाचं म्हणाल तर साठचा उन्हाळा. डोंगरात जन्म काढलेली ती माणसं, त्यांनी एवढा सपाट आणि एवढा उघडा मुलूख पहिल्यांदाच बघितला. सावलीला म्हणून एखादं लिंबाचं झाड, तेही कुणाच्या तरी मालकीचं.

आल्या दिवशीच नाथाजीनं आपलं हसं करून घेतलं. कोयनेच्या खोऱ्यात रीत अशी होती, की एका गावचा पाटील माणसं घेऊन दुसऱ्या गावाला गेला तर तो शिवेवर थांबतो, आत निरोप धाडतो, आणि तिथला पाटील पानसुपारी घेऊन सामोरा येतो. मग आत जायचं. तेव्हा नाथाजीनं सरकारी ट्रक हिंगणवाडीच्या शिवेवर थांबवले आणि निरोप पाठवला. हिंगणवाडीचे पाटील आप्पासाहेब. त्यांना वाटलं, ऊसतोडीला नाहीतर विहिरीच्या कामाला कुणी माणसं आली असतील. जेवण झाल्यावर बघू म्हणाले आणि जेवण झाल्यावर झोपले. इकडं ऊन डोक्यावर, पोरं रडतायत, ट्रकवाले शिव्या देतायत, आणि नाथाजी पटका सावरत रस्त्याच्या कडेला उभा. दुपार कलली तेव्हा सायकलवरून जाणाऱ्या एका माणसानं विचारलं, "गाडी बिघडली व्हय पावनं?" पुढं वर्षभर हिंगणवाडीला हसायला ते पुरलं. तिथंच त्याचं नाव पडलं, पाण्याचा पाटील.

घरांच्या जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या. चिठ्ठीला पाटील कळत नाही. उंबरण्यात नाथाजीचं घर सगळ्यांच्या वरच्या अंगाला होतं. इथं ते ओळीच्या शेवटी आलं, ओढ्याच्या तोंडाशी, जिकडं सकाळी सगळी वस्ती टमरेल घेऊन जायची. जाता जाता माणसं "राम राम पाटील" म्हणायची, आणि नाथाजीही ओट्यावर बसून प्रत्येकाचा राम राम घ्यायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

खरं सांगायचं तर त्याला ते सगळं आवडत असे. वस्तीत लग्न निघालं की पहिला विडा त्याच्या हातात. सोलापूरकडं गेलेल्यांच्यात लग्न असलं तरी माणूस न्यायला यायचा, आणि नाथाजी धुतलेला पटका बांधून एष्टीनं जायचा. विडा घ्यायचा, तोंडात घालायचा, मांडवाच्या मधोमध बसायचा. काम एवढंच. त्याच्या हुकमावर आता कुत्रंसुद्धा उठत नव्हतं. कज्जा झाला तर माणसं तालुक्याला जात, धान्य पाहिजे तर सोसायटीत. वस्तीतला धनाजी तर तोंडावरच बोलायचा. हा धनाजी कोयनानगरला बोगद्याच्या कामावर होता, चार प्रकारची माणसं बघून आलेला.

"तात्या, शीव न्हाई, चावडी न्हाई. तुमी पाटील कशाचं?" तो एकदा म्हणाला.

"माणसांचा," नाथाजी म्हणाला.

"मग माणसांचं काय करतासा?"

नाथाजी उठून बैलांना पाणी दाखवायला गेला.

त्याच्या बायकोचं, अंजनाचं, मत धनाजीच्याही पुढचं होतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं ती जाता-येता म्हणायची. तिला पाटलीण म्हणवून घ्यायची हौस कधीच नव्हती. सरकारनं वस्तीच्या मागं जे वावर दिलं, त्यात मातीपेक्षा दगड जास्त. नाथाजी लग्नांना जायचा आणि अंजना दगड वेचायची. दोन वर्षं वेचले तेव्हा कुठं तिसऱ्या वर्षी, ओढ्याकडच्या कोपऱ्यात, शाळू कमरेच्या वर गेला.

सरकारनं तशी सगळी सोय केली होती. विहीर दिली, शाळेची खोली दिली, वस्तीपर्यंत मुरमाचा रस्ता केला. मसणवटा तेवढा द्यायचा राहिला. उठवलेली माणसं मरत नाहीत असं सरकारला वाटलं असावं. आणि गंमत अशी, की पहिली दोन-अडीच वर्षं कुणाला त्याची आठवणही झाली नाही, कारण वस्तीत कुणी मेलंच नाही. म्हणजे मरायची ती माणसं मरत होती, पण इथं नाही. म्हाताऱ्या माणसाला आपलं काही खरं नाही असं वाटलं, की ते एष्टीत बसायचं आणि वर कोयनेला जायचं. तिथं काही घरं धरणाच्या पाण्याच्या वर, डोंगरात सरकून राहिली होती. त्यांच्यात जाऊन पडायचं, आणि तिथल्या मातीत जायचं. घरच्यांनाही त्यात वावगं वाटत नव्हतं.

रंगूबाईही तशीच निघाली होती. ही बाई बालविधवा, मूल ना बाळ. उंबरण्यातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, धनाजीसुद्धा. त्रेसष्टच्या पौषात तिला धाप लागायला लागली. तिनं दोन लुगडी फडक्यात बांधली, शेजारणीला कोंबड्या दिल्या आणि उद्याच्या गाडीनं जाते म्हणून सांगितलं. सकाळी धनाजी तिला एष्टीपर्यंत पोचवायला गेला, तर ती अंथरुणातच गार पडली होती.

उंबरण्याची एक रीत होती आणि ती वस्तीनं इथंही मोडली नव्हती. मढं घरातून उचलेपर्यंत गावात चूल पेटत नाही, आणि सरणावर पहिलं लाकूड पाटलाच्या घरचं. वर डोंगरात हे सोपं होतं. नदीकाठची जागा ठरलेली, लाकूड रानात पडलेलं, तास-दोन तासांत सगळं आटपायचं. इथं रंगूबाई दारात ठेवलेली, सगळ्यांच्या चुली थंड, पोरं भाकरीसाठी आयांच्या पदराला ओढतायत, आणि कुठं न्यायचं ते कुणालाच माहीत नाही. मालट्रक करून कोयनेला न्यावं तर तेवढा पैसा कुणाकडं नव्हता. ओढ्यात जाळावं तर खाली हिंगणवाडीची माणसं झऱ्याचं पाणी भरायची. बोलून बोलून माणसं दमली आणि एकेक करून नाथाजीकडं बघायला लागली. आजवर त्या नजरा त्याला मांडवात बघायची सवय होती. या नजरा तशा नव्हत्या.

तो पटका बांधून हिंगणवाडीत गेला. येरळेच्या काठाला हिंगणवाडीचा मसणवटा होता, पण तोही भावकी-भावकीत वाटलेला. अमक्या दगडापासून तमक्या बाभळीपर्यंत आमचं, पुढं तुमचं. वतनदार पाटील एक शब्द बोलला असता तर कुठंतरी हातभर जागा निघाली असती.

आप्पासाहेब नेहमी ओसरीवर लोडाला टेकून बसायचे, त्या दिवशी आत माजघरात बसले होते. तोंड उतरलेलं. कारण त्याच महिन्यात सरकारनं पिढीजात पाटीलकी मोडली होती. सात पिढ्यांची पाटीलकी एका कायद्यानं गेली आणि गावानं साधी हळहळसुद्धा केली नाही.

"पाटील," नाथाजीनं हात जोडले.

"पाटील म्हणू नगासा. काढली सरकारनं. काय काम काढलंसा?"

नाथाजीनं सांगितलं. एक म्हातारी हाय, तिला कुणी न्हाई, एकडाव जागा द्या, मागनं आमी सरकारात अर्ज करून आमची जागा बघतो.

आप्पासाहेब बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "म्या कोण देणार? सरकारला इचारा आता. ज्येनं पाटीलकी घ्येतली त्येनं मसणवटा द्यावा."

"तुमी भावकीला एक शब्द टाकलासा तर..."

"न्हाई टाकत," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी मान वळवली.

नाथाजीला पहिल्यांदा राग आला. हा माणूस सरकारवरचा राग एका मेलेल्या बाईवर काढतो, असं त्याला वाटलं. पण वाटेत चालता चालता त्याच्या ध्यानात आलं, की ते रागाचं तोंड नव्हतं. हा माणूस भ्यालाय. शब्द टाकला आणि भावकीनं मानला नाही तर काय, याला भ्यालाय. शब्द टाकलाच नाही तर अजून थोडे दिवस पाटील राहता येतं. नाथाजीला हे पटकन ओळखता आलं, कारण गेली अडीच वर्षं तोही नेमकं हेच करत होता. कुणाला काही सांगायचं नाही, म्हणजे कुणी नाही म्हणत नाही. स्वतःची त्याला लाज वाटली.

वस्तीवर आला तेव्हा ऊन चढलं होतं. तो रंगूबाईच्या दारात न थांबता थेट घरी गेला आणि आढ्यातला विळा काढायला लागला.

"कुठं न्यायचं ठरलं?" अंजनानं विचारलं.

"आपल्या वावरात. वढ्याकडच्या कोपऱ्यात."

अंजना त्याच्याकडं बघतच राहिली. शाळू हुरड्यावर आला होता. कालच तिनं पाखरं राखायला तिथं माळा घालायचं काढलं होतं.

"डोकं फिरलं काय तुमचं? त्येवढाच तुकडा पिकतोय. दोन वर्सं दगडं येचली म्या, बोटातनं रगात आलं. तितं मढी जाळायची? आन् एकदा जाळलं म्हंजे दरडाव तितंच येणार. मागं सरायचं न्हाई कुणी."

"न्हाई सरायचं."

"मग?"

"मग दुसरी जागा सांग. तू सांगशील तितं नेतो."

अंजनाला दुसरी जागा सांगता आली नाही. म्हणून ती आणखी चिडली.

"पाटीलकी गेली पाण्यात, आन् वावर चाललं मसणात. कशासाठी वो? त्या पयल्या इड्यासाठी?"

"व्हय," नाथाजी म्हणाला. "त्येच्यासाठीच. लगनात पयला इडा म्या घेतो. कुणी इचारलं न्हाई, का घेतोस म्हणून. आज इचारायल्यात."

अंजना आत गेली ती बाहेर आली नाही. नाथाजीनं एकट्यानं जाऊन कोपऱ्यातला शाळू कापायला सुरुवात केली. भरलेली कणसं विळ्याखाली पडायला लागली तसं त्याला भरून आलं, कारण ती बायकोची मेहनत होती, त्याची नव्हती. थोड्या वेळानं शेजारी दुसऱ्या विळ्याचा आवाज यायला लागला. धनाजी होता. तो नुसता कापत राहिला.

लाकडाचा प्रश्न होताच. त्या मुलखात सरपण म्हणजे तुरकाट्या आणि गोवऱ्या. उंबरणे सोडताना माणसांनी घरांची लाकडं उतरवून आणली होती. नाथाजीचे चार खांब तेवढे अजून ओट्याखाली पडून होते, कधीतरी पाटलाला शोभेलशी सोप्याची ओळ काढायची म्हणून राखलेले. त्यातला एक त्यानं फोडला. तो सरणावर गेला तसे बाकीचेही काहीबाही घेऊन आले, कुणी फळी, कुणी पेरणीची जुनी पाभर. रंगूबाईला पोरगं नव्हतं, म्हणून मडकं धनाजीनं धरलं. दुपारपर्यंत सगळं उरकलं आणि वस्तीतल्या चुली पेटल्या. नाथाजीची तेवढी पेटली नाही. अंजनानं त्या दिवशी स्वयंपाक केला नाही आणि पुढं कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नाही. कोपऱ्याच्या आसपासचा शाळू तिनं वेगळा मळला आणि घरात न आणता बैलांना घातला.

कोपऱ्याला नाव कुणी ठरवून दिलं नाही. उन्हाळ्यात धनाजीचा चुलता वारला, तेव्हा बायका एकमेकींना सांगताना म्हणाल्या, त्याला उंबरण्याला नेला. मग तेच चालू झालं. कोयनेला जाऊन मरायची चाल हळूहळू बंद पडली. पोराबाळांच्या डोळ्यांसमोर जाता येतंय तर एष्टीचा धक्का खायचा कशाला, असं म्हातारी माणसं म्हणायला लागली. नाथाजीला मात्र त्यात मिरवण्यासारखं काही वाटत नव्हतं. बुडालेल्या गावाचं नाव शेवटी लागलं ते मसणवट्याला, आणि आपण त्याचा पाटील. लग्नात विडा घेताना आता त्याचा हात पहिल्यासारखा झटकन पुढं होत नसे.

श्रावणात एका सकाळी आप्पासाहेब वस्तीवर आले. एकटेच, डोक्याला टॉवेल गुंडाळून. या माणसानं तीन वर्षांत वस्तीत पाऊल टाकलं नव्हतं. अंजनानं घोंगडी अंथरली. ते टेकले, पाणी प्यायले, आणि मग बोलले.

"आमचा गुंडा गेला पहाटं."

गुंडा त्यांचा सालगडी. अथणीकडून पोरवयात आलेला, उभा जन्म त्यांच्या गोठ्यात काढलेला, रागावला की कानडीत बोलणारा. नात्याचं गोत्याचं कुणी नव्हतं. आप्पासाहेबांनी त्याच्यासाठी नदीकाठची आपल्या भावकीची जागा मागितली होती.

"न्हाई म्हणाले," आप्पासाहेब म्हणाले. "त्यो कुठला, कुणाचा, म्हणाले. आज गुंड्या, उद्या आनी कोण. म्या थोरला, सगळ्यात वडील. म्या सांगितलं आन् कुणी ऐकलं न्हाई. पोरंसोरं तोंडाव बोलली." त्यांनी टॉवेलानं तोंड पुसलं. "पौषात तुमी आलासा, तवाच मला ह्येचं भ्या वाटलं हुतं. म्हणून म्या हूं म्हणलो न्हाई."

"ठावं हाय मला," नाथाजी म्हणाला.

आप्पासाहेबांनी मान खाली घातली. अखेर त्यांनी हात जोडले.

"पाटील, तुमच्यात जागा मिळंल का?"

हिंगणवाडीच्या पाटलानं आपल्याला पाटील म्हणावं म्हणून नाथाजी एकेकाळी भर उन्हात शिवेवर उभा राहिला होता. आज तो शब्द आला, आणि त्याला नुसतं वाईट वाटलं. हो म्हणायचं हे त्याच्या मनात पक्कं होतं. पण कोपऱ्यालगत बाजरी निसवली होती, आणि ती कुणी खुरपली होती हे तो पौषापेक्षा आता चांगलं जाणत होता. तो आप्पासाहेबांशी बोललाच नाही. दारात उभ्या असलेल्या अंजनाकडं वळून म्हणाला, "तू सांग."

अंजनाला कधी कुणी असं विचारलं नव्हतं. तिनं आप्पासाहेबांना विचारलं, "जेवला हुता का रातच्याला?"

"कोण? गुंडा? व्हय, भाकरी खाल्ली अर्धी."

"बरं झालं. उपाशी तरी न्हाई गेला."

ती आत गेली आणि विळा घेऊन आली. नाथाजीनं हात पुढं केला, पण तिनं तो त्याला दिला नाही.

"बाजरी म्या कापते. तुमी लाकडाचं बघा." मग आप्पासाहेबांकडं बघून म्हणाली, "आन् कुठला, कुणाचा, ह्ये आमच्या गावात कुणी इचारत न्हाई. आना त्येला."

पदर खोचून ती वावराकडं चालायला लागली, आणि दोन्ही पाटील उठून तिच्या मागोमाग निघाले.